राजीनामा झाला

जून उजाडला की मी घरात सगळ्यांवर खेकसायला लागतो. बायको म्हणते, उन्हामुळे. उन्हाचं मला काही वाटत नाही. हवाई दलात होतो तेव्हा तापलेल्या धावपट्टीवर दिवसच्या दिवस काढले आहेत. माझं डोकं फिरतं ते यादीमुळे.

यादी कसली ते सांगतो. शेवटची बरीच वर्षं पोस्टिंग चंदीगडलाच होती, म्हणून निवृत्त झाल्यावर आम्ही कराडला परत गेलो नाही. मुलगी चंदीगडमध्येच शिकत होती, जवळच खरडला फ्लॅट परवडला, आणि तेवढ्यात इथल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाला मॅनेजर हवा होता. मी हवाई दलाच्या संघातून बरीच वर्षं खेळलो होतो. चेंडूमागे धावायचं वय गेलं होतं, पण खेळाडूंना वेळेवर बसमध्ये बसवणं अजून जमत होतं. मॅनेजर म्हणजे तेवढंच. हॉटेलच्या खोल्या, बुटांचे नंबर, कुणाचं पोट बिघडलंय, कुणाचं ओळखपत्र घरी राहिलंय. आणि वर्षातून एकदा, जूनमध्ये, यादी.

आमचा मोसम हिवाळ्यातले थोडे महिने चालतो. उरलेलं वर्ष आम्ही झोपा काढतो असा सोसायटीतल्या लोकांचा समज आहे, आणि मी तो दूर करायच्या भानगडीत पडत नाही. संघात बाराच जागा. जूनच्या एका ठरलेल्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत, लीगच्या ऑफिसला कळवायचं की या बारांपैकी कोण राहणार, कोण जाणार आणि जाणाऱ्यांच्या जागी कोण येणार. कॉम्प्युटरवर दोन रकाने असतात. त्यांची नावं इंग्रजीत आहेत, पण माझ्या डोक्यात ती मराठीतच आहेत. ठेवायचे आणि सोडायचे. त्याच सुमाराला बायको कपाटं आवरायला काढते आणि पलंगावर जुन्या कपड्यांचे असेच दोन ढीग घालते. ते दिसले की मी चहा अर्धा टाकून बाहेर पडतो.

कुणाला ठेवायचं ते मालक आणि कोच ठरवतात. सोडलेल्यांना फोन मात्र मी करतो. पहिल्या वर्षी मालक म्हणाले, "आप फौजी आदमी हो सरजी, आपसे अच्छा कौन बोलेगा," आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं ते कायमचं. सहा वर्षं झाली. एक जण नुसतं "थँक यू सर" म्हणाला आणि फोन ठेवला. एकाने विचारलं, "सर, लिस्ट में मेरे नाम की स्पेलिंग तो ठीक है ना?" सोडलेल्यांच्या रकान्यातली स्पेलिंग. एकाच्या आईने फोन हातात घेतला आणि पंजाबीत बराच वेळ मला समजावत राहिली की तिचा मुलगा फार मेहनती आहे. मला ते माहीत होतं. मी फक्त "हां जी, हां जी" करत होतो. आता मे सरत आला की मी फोनपासून लांब लांब बसायला लागतो, आणि हे सांगायला लाज वाटते, पण हल्ली दुःख त्या मुलांचं कमी आणि त्या फोनचं जास्त होतं.

आता पाजीबद्दल. पाजी म्हणजे पंजाबीत मोठा भाऊ. तो माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, पण सगळा संघ त्याला पाजी म्हणतो म्हणून मीही म्हणतो. पठाणकोटकडच्या एका गावातला, साडेसहा फुटांहून उंच, चौतीस वर्षांचा. जागा सेंटरची, म्हणजे बास्केटखाली ठाण मांडून उभं राहायचं आणि येईल त्याचे धक्के खायचे. संघ निघाला तेव्हापासूनचा तो एकटाच उरला होता. त्याच्या मापाची जर्सी कुठे तयार मिळत नाही. चंदीगडमध्येच मनीमाजऱ्याच्या बाजारात एका गल्लीत आमच्या जर्सी छापून मिळतात. तिथला मास्टर अकरा जर्सी एका गठ्ठ्यात बांधून देतो आणि बारावी, मुद्दाम शिवलेली, वेगळ्या पिशवीत. "ये लो जी, आपका लंबे वाला."

गेल्या मोसमातल्या शेवटच्या सामन्यात, चार मिनिटं उरलेली असताना, पाजी उडी मारून खाली आला आणि उठलाच नाही. गुडघा गेला होता. स्ट्रेचर आलं, पण तो देह उचलायला माणसं पुरेनात, म्हणून एक दांडा मी धरला. डोक्याकडचा, डावा. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पाजीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मला वाटलं, दुखतंय.

चंदीगडला सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा तो छताकडे बघत पडला होता. पलंग त्याला आखूड होत होता, म्हणून पायांखाली एक स्टूल लावलं होतं.

"दर्द की बात नहीं है, सरजी," तो म्हणाला. "मुझे उठा के बाहर निकाला. सबके सामने. बापू टीवी पे देख रहा था."

मी म्हणालो, असं होतं, खेळ आहे.

"एक सीज़न और," तो म्हणाला. "बस एक. चल के बाहर आना है."

एवढंच त्याला हवं होतं. शेवटच्या सामन्याची शेवटची शिटी वाजावी आणि आपण आपल्या पायांनी कोर्टाबाहेर यावं. माझ्या आयुष्यात इतकं लहान मागणं मी फार कमी ऐकलं आहे.

मार्चपासून तो रोज सकाळी सहाला हॉलवर यायला लागला. हॉल म्हणजे खरडच्या पुढच्या एका खासगी कॉलेजचा, आमच्या संघाने भाड्याने घेतलेला. चावी माझ्याकडे, म्हणून मलाही सहाला हजर राहणं आलं. आधी तो काठी टेकत चालला. मग काठीशिवाय. मग भिंतीला पाठ लावून खाली बसायचं आणि उठायचं, पुन्हा बसायचं आणि उठायचं. मे महिन्यात पळायला लागला. मी कूलरमध्ये पाणी भरायचो, बाकावर बसून जांभया द्यायचो आणि त्याचा उजवा पाय बघायचो. पाय टेकताना किंचित लंगडायचा. रोज थोडं कमी. पाय आज कसा होता ते मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, आणि तीही कांदा चिरता चिरता विचारायची, "आज किती?" जणू ताप मोजतोय.

कोचला तो संघात हवा होता. नव्या पोरांना शिकवील, थोडा थोडा वेळ खेळेल. मालकांना नको होता. जूनच्या सुरुवातीच्या मीटिंगमध्ये मालक त्याच्या तोंडावरच म्हणाले, "पाजी, सच बोलूँ? अब लोग आपके लिए ताली तरस खा के बजाते हैं." कीव करून वाजवलेल्या टाळ्या! मी समोरच्या कागदात डोकं घातलं. पाजी उठला, दार वाकून ओलांडलं आणि तसाच गावी निघून गेला. आठ दिवस त्याने कुणाचाही फोन घेतला नाही. मी सहाला हॉल उघडायचो, सवयीने कूलर भरायचो आणि रिकामा हॉल बघत बसायचो.

कोच मोठा चिवट माणूस. त्याने मालकांच्या मागे लागून लागून शेवटी त्यांना गाडीत घातलं. नेमका यादी पाठवायचा दिवस होता. दोघं पहाटेच पठाणकोटकडे निघाले. निघताना मालकांनी गाडीची काच खाली करून मला सांगितलं, "बात बन गई तो ठीक, सरजी. नहीं बनी तो नाम काट देना, और फोन आप कर लेना." मी मान डोलावली. दिवसभर तो न केलेला फोन माझ्या छातीवर बसून होता.

दुपारी तीनला कोचचा फोन आला. गाडीतून करत होता, आवाज तुटत होता.

"सरजी, राजीनामा हो गया पाजी दा. कागज़ भेज देओ."

"क्या हो गया?"

"राजीनामा! राजीनामा हो गया!"

आणि फोन कापला गेला. मी परत लावला, लागला नाही. मग मेसेज केला की ठीक आहे, लिस्ट पाठवतो. कोचने उत्तर म्हणून वर केलेल्या अंगठ्याची खूण पाठवली.

राजीनामा. मी खुर्चीला पाठ टेकली. वाईट वाटलं, हे खरं. पण वाईट वाटायच्या आधी, अगदी क्षणभर आधी, मला हायसं वाटलं. हेही खरं आहे आणि ते इथे लिहायलाच हवं. तो स्वतःहून गेला होता. आता मला फोन करायचा नव्हता.

ट्रायलमध्ये आम्ही विशीतला एक सेंटर बघून ठेवला होता. त्याचं नाव पाजीच्या जागी घातलं. पाजीचं नाव सोडायच्या रकान्यात टाकलं. तो नवा मुलगा उंच पण सडपातळ, तयार मापात बसणारा. यंदा मनीमाजऱ्याहून एकच गठ्ठा येईल, असाही विचार मनात येऊन गेला. चार वाजता बटण दाबलं, हिरवी खूण आली. कूलर बंद केला, हॉलला कुलूप लावलं आणि किती दिवसांनी घरी वेळेवर आलो.

पाच वाजून गेल्यावर आम्ही बाल्कनीत चहाला बसलो. मुलगी मोहालीच्या कोर्टात ज्युनियर वकील आहे, तीही नुकतीच आली होती. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र हिंदीत येतं. यावर पूर्वी मी वैतागायचो, आता सोडून दिलं आहे.

"पाजीने राजीनामा दिला," मी बायकोला सांगितलं.

"अगंबाई! असा कसा दिला?" तिने कप खाली ठेवला. "उन्हाळाभर एवढी मरमर केली ती काय राजीनामा द्यायला?"

"आता दिला त्याला मी काय करू? कोच म्हणाला, राजीनामा हो गया."

मुलगी मोबाइलमध्ये बघत होती. तिने मान वर केली. "बाबा, कोच अंकल ने क्या बोला? राज़ीनामा दिया, या हो गया?"

"हो गया म्हणाला. काय फरक पडतो?"

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा तो कोर्टातला आवाज लागला. "राज़ीनामा मतलब समझौता. दोनों पार्टी राज़ी. मैं कोर्ट में रोज़ दो-चार टाइप करवाती हूँ. नौकरी छोड़ने को यहाँ इस्तीफ़ा बोलते हैं. आपने लिस्ट भेज दी क्या?"

उत्तर माझ्या चेहऱ्यावरच होतं.

"अहो," बायको हळू आवाजात म्हणाली, "आपल्या स्कूटरला त्या गाडीवाल्याने धडक दिली होती, आठवतंय? मनीमाजऱ्याच्या चौकीत तुम्ही सही करून आला होतात. त्या कागदाला काय म्हणत होते?"

आठवत होतं. गाडीवाल्याने स्कूटर दुरुस्त करून द्यायची आणि मी तक्रार मागे घ्यायची, असं लिहिलेला कागद. वर ठळक अक्षरांत 'राज़ीनामा'. त्या दिवशी मी घरी येऊन हसत सांगितलं होतं, "अगं, न केलेल्या नोकरीचा राजीनामा देऊन आलो." पुढे कित्येक वर्षं कराडहून पाहुणे आले की हा किस्सा मी रंगवून सांगत असे. पोस्टिंगवर आलेल्या नव्या मराठी कुटुंबांना सांगत असे, जपून बरं का, इथले शब्द दिसतात आपले पण असतात त्यांचे. ज्या खड्ड्याची पाटी मी स्वतः लावली होती त्यातच मी पडलो होतो.

तेव्हा मला शब्द ठाऊक नव्हता असं मी म्हणू शकत नाही. राजी म्हणजे कबूल, हे तर कराडच्या शाळकरी पोरालाही कळतं. मी थकलो होतो. दिवसभर मी तो जाणार असंच धरून बसलो होतो, म्हणून शब्दाच्या दोन अर्थांपैकी जाण्याचा अर्थ उचलला, आणि फोन टळला या आनंदात खात्रीही करून घेतली नाही. बस, इतकंच झालं.

कोचला फोन लावला, या वेळी लागला. त्याने सांगितलं की मालकांनी पाजीचा हात धरून बापूसमोर माफी मागितली. पाजी आधी बोलेना, मग रडला, मग सगळ्यांनी लस्सी घेतली. यंदाचा मोसम शेवटचा, मिळेल तेवढा वेळ खेळायचं, ठरलं. मी काय केलं ते सांगितल्यावर कोच म्हणाला, "अभी के अभी लीग को लिखो, सरजी."

लीगचा नियम सरळ आहे. एकदा सोडलेला खेळाडू त्या मोसमात त्याच संघात परत घेता येत नाही. मुलीने रात्रीचं जेवण बाजूला ठेवून मला अर्ज लिहून दिला, त्यात चूक भाषेची होती हे नीट मांडलं. सकाळी दोन ओळींचं उत्तर आलं. नियम सगळ्यांना सारखे. मग कोचने बाकीच्या संघांना फोन केले. त्यांच्याही याद्या गेलेल्या होत्या, आणि ऑपरेशन झालेला चौतीस वर्षांचा गुडघा कुणालाच नको होता.

मालकांना मी भेटून सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी थोडा वेळ पेपरवेट फिरवला आणि म्हणाले, "चलो जी, जो हुआ सो हुआ." त्यांच्या मनातलं परस्पर झालं होतं. मग मला दारापर्यंत सोडायला आले. "सरजी, आप अपने सिर मत लो. बोल दो लीग ने काटा है, ऊपर से आया है. उसको भी कम बुरा लगेगा." कोचही शेजारी उभा होता. त्यानेही नजर चुकवत मान हलवली. दोघांनी मला वाट काढून दिली होती, आणि खोटं कशाला बोलू, ती वाट मला आवडली. शनिवार आणि रविवार मी तीच वाक्यं मनात जुळवत होतो. ऊपर से आया है, पाजी. हम क्या करें.

यादी सोमवारी दुपारी जाहीर होणार होती. सोमवारी सकाळी सहाला मी हॉल उघडला तेव्हा पाजी पायरीवर बसलेला होता. इतक्या दिवसांत चेहरा उतरला होता, पण हसला. हातात लिचीची पिशवी होती, पानांसकट तोडलेली.

"बापू ने भेजी है. आंटी जी को देना."

मी पिशवी घेतली. तो बूट बांधून पळायला लागला. मी लगेच सांगायला हवं होतं. मी कूलरमध्ये पाणी भरलं. कूलर भरून वाहायला लागला तरी पाइप धरून उभा राहिलो. तो सहा फेऱ्या मारून माझ्यासमोर येऊन थांबला आणि म्हणाला, "देखा सरजी? बिलकुल सीधा." गुडघ्याबद्दल म्हणत होता.

"पाजी, बैठो," मी म्हणालो.

तो बाकावर बसला. बसला तरी त्याची नजर माझ्या नजरेच्या रेषेत येत होती. ऊपर से आया है, हे वाक्य तोंडाशी आलं. आणि ते मला म्हणवेना. प्रामाणिकपणा वगैरे नव्हता त्यात. माझ्या हातात त्याच्या बापाने पाठवलेल्या लिची होत्या, त्या हातांनी खोटं सांगता येईना. मी सगळं सांगितलं. कोचचा फोन, तो शब्द, आमच्या मराठीत त्याचा काय अर्थ होतो, चार वाजता दाबलेलं बटण, लीगचं उत्तर. मालकांनी काय सांगायला सांगितलं होतं तेही सांगितलं. स्कूटरचं सांगितलं नाही.

पाजी ऐकत होता. मग म्हणाला, "सरजी, बाईस साल हो गए आपको इधर."

त्यापुढे काही लपवण्यात अर्थ नव्हता. "पता था मुझे वो लफ़्ज़," मी म्हणालो. "पता था. थक गया था, यार." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला यार म्हणालो, आणि तेही माफी मागताना. फोन करायचा टळला म्हणून मला हायसं वाटलं होतं, हे सांगायला मात्र माझी जीभ उचलली नाही.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. माझी गचांडी धरली असती तरी मी हात बांधून उभा राहिलो असतो. त्याने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, एकेक करून, घाई न करता. बूट बॅगेत घातले, चपला काढून पायात घातल्या.

"कोई बात नहीं, सरजी," तो म्हणाला. "पिछली बार भी बाहर आप ही ने निकाला था. डंडा पकड़ के."

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं आठवलं होतं आणि तो बोलला. मग बॅग खांद्याला लावून उठला. बाहेर जायचं दार हॉलच्या पलीकडच्या टोकाला आहे, त्यासाठी अख्खं कोर्ट ओलांडावं लागतं. तो निघाला. एका बास्केटखालून, मधल्या वर्तुळावरून, दुसऱ्या बास्केटखालून. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. मी लिचीची पिशवी धरून बाकाजवळ उभा होतो आणि सवयीने त्याचा उजवा पाय बघत होतो. थोडा लंगडला असता तर मला बरं वाटलं असतं.

लंगडत नव्हता.